दारं धरायला जाताना अंगावर काय घ्यावे?
(हलक्या पावसाळी कपड्यांची निवड)



पावसाळा तोंडावर आला की आपण बेण्याचा, खताचा आणि लागणीचा हिशेब मांडायला बसतो. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान उरकायची असते, म्हणजे ऐन पावसातच. बेणेप्रक्रिया, सरीतले अंतर, मोठी बांधणी या विषयांवर सभासदांपुढे पुष्कळ लिहून झाले आहे. पण त्या सरीत जो माणूस उभा राहतो त्याच्या अंगावर काय असावे, याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. "भिजायचंच की पावसात, त्यात काय एवढं?" असे म्हणून आपण विषय मोडून टाकतो.

आम्हीही असेच म्हणत होतो. मागे एकदा परतीच्या पावसाच्या दिवसांत रात्रीच्या पाळीला दारं धरायला गेलो. चांगला जाडजूड रेनकोट घरात होता, तो बरोबर नेलाही. पण अंगात घातला की घामाच्या धारा, आणि चालताना पायांत अडकायचा. म्हणून मोटारीच्या खोपीत खुंटीला टांगून ठेवला आणि शेताच्या पार शेवटच्या टोकाला गेलो. मध्यरात्री वारा सुटला आणि जे आभाळ फाटले, ते तासभर थांबेना. कोट खुंटीवर, आम्ही बांधावर. फुटलेला पाट सोडून येता येईना. काम उरकून खोपीपाशी आलो तेव्हा दातावर दात वाजत होते आणि बोटे वळत नव्हती. त्याच ओल्या, थरथरत्या हाताने मोटार बंद करायला स्टार्टरच्या पेटीकडे हात गेला. धाकट्या भावाने मागून ओरडून मनगट धरले, म्हणून आज हा लेख लिहितो आहोत.

त्या रात्री एक गोष्ट कायमची कळली. खुंटीवरचा कोट पाऊस अडवत नाही. जो कोट माणूस रात्रभर अंगावर ठेवू शकतो तोच खरा कोट. म्हणून पावसाळी कपडा हलका असणे ही चैन नव्हे, ती गरज आहे. तो कसा निवडावा, हे या लेखात पाहू.

माणूस दोन बाजूंनी भिजतो

पाऊस बाहेरून भिजवतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण कष्टाचे काम करताना अंगातून घाम निघत असतो. त्या घामाची वाफ बाहेर गेली नाही तर ती कोटाच्या आतल्या बाजूला जमते, तिचे पाणी होते आणि अंगातला सदरा ओलाचिंब होतो. तेव्हा आपण म्हणतो, "कोट गळतोय." पुष्कळदा कोट गळत नसतो, आपणच आतून गळत असतो.

आता ओले झाल्याने बिघडते काय? पाणी हे हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. ओला कपडा अंगाला चिकटला आणि वर वारा लागला की शरीराची ऊब झपाट्याने उडते. हुडहुडी भरते. मग बोटे ऐकेनाशी होतात, पाय अडखळतात, बोलणे जड होते आणि पुढे डोकेही नीट चालत नाही. हे थंडीच्याच दिवसांत होते असे नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री, भर वाऱ्यात, तीन-चार तास भिजलेल्या माणसालाही हुडहुडी भरून हात-पाय असे आखडतात. अशा माणसाचे ओले कपडे आधी काढावेत, अंग कोरडे करून घोंगडीत किंवा गोधडीत गुंडाळावे आणि तो नीट शुद्धीवर असेल तर गोड, गरम चहा द्यावा. दारूने ऊब येते हा निव्वळ गैरसमज आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे क्षणभर गरम वाटते, पण आतली ऊब उलट लवकर बाहेर जाते. माणूस बरळू लागला किंवा थरथर थांबून सुस्त पडला, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

तेव्हा पावसाळी कपड्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात. बाहेरचे पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि आतली वाफ कोंडू द्यायची नाही. पहिली परीक्षा पुष्कळ कपडे पास होतात, गाडी अडते ती दुसऱ्या परीक्षेत.

जुन्या माणसांनी काय केले?

आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत मोठा चमत्कारिक आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, त्याच्या परिसरात घाटघर, रतनवाडी. तिथे पाऊस हजारो मिलीमीटरने मोजतात. तोच पाऊस भंडारदऱ्यात साठतो आणि १९२६ साली पुऱ्या झालेल्या त्या धरणातून प्रवरेच्या कालव्यांनी आपल्या उसाला मिळतो. पण डोंगराची रांग ओलांडून पूर्वेला यावे तर वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलीमीटरच्या आसपास. एकाच जिल्ह्यात पावसाची अशी दोन रूपे असल्याने अंगावर घ्यायच्या वस्तूही वेगवेगळ्या झाल्या.

पश्चिमेच्या भातखाचरांत इरले आले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर पानांचे किंवा अलीकडे प्लॅस्टिकच्या कागदाचे आच्छादन. डोक्यावरून पाठीवर घ्यायचे, दोन्ही हात मोकळे, वाकून भात लावायला सोयीचे. इरल्याची खरी करामत कोणती? ते अंगाला चिकटत नाही. पाऊस वरून घसरतो, वारा खालून खेळतो, वाफ कोंडतच नाही. वर सांगितलेल्या दोन्ही परीक्षा इरले पास होते. मात्र उभ्या उसात ते घेऊन शिरता येत नाही.

पूर्वेच्या माळरानावर मेंढपाळांनी घोंगडी वापरली. लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते तरी हाताला फारशी ओली लागत नाही, आणि भिजली तरी थोडीफार ऊब राखते. चिंचोक्याची खळ दिलेली घट्ट घोंगडी रिमझिम पाऊस सहज झेलते. पण मुसळधार पावसात ती पाणी पिऊन इतकी जड होते की चालणारा माणूस वाकून जातो. बसून राखण करायला घोंगडी उत्तम, पण फावडे मारायला कुचकामी.

गोणपाटाची खोळ आपण सर्वांनी लहानपणी घेतली आहे. फुकटची वस्तू, पण अर्ध्या तासात भिजते आणि मग पाऊस थांबल्यावरही पाठीवर ओल घेऊन हिंडावे लागते. खताच्या गोणीतले प्लॅस्टिक हलके खरे, पण वाऱ्याने उडते आणि उसाच्या पात्याने फाटते.

रबरापासून पडद्यापर्यंत

कापडावर पाणी न झिरपणारा थर देण्याची युक्ती फार जुनी नाही. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेले रबर घालून जलरोधक कापड केले आणि त्याचे पेटंट घेतले. आपल्या देशात कलकत्त्याचे सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली सुरू केलेल्या उद्योगाचे 'डकबॅक' रेनकोट घरोघर पोचले. हे कोट पाणी पक्के अडवत, पण जड असत आणि आत वाफ कोंडे.

पुढे नायलॉन व पॉलिस्टरच्या पातळ कापडावर आतून लेप देण्याची पद्धत आली. आज बाजारात दिसणारे बहुतेक हलके कोट या जातीचे आहेत. त्यानंतर अमेरिकेत १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. पाण्याच्या थेंबाच्या मानाने ही छिद्रे हजारो पटींनी लहान, पण वाफेचा कण त्यातून निसटतो. 'गोरटेक्स' नावाने प्रसिद्ध झालेले आणि त्या धर्तीचे कोट गिर्यारोहक व परदेशातले शिकारी वापरतात. ते महाग असतात.

आता आपल्या कामाचा मुद्दा ऐका. हा पडदा वाफ बाहेर टाकतो तो आत-बाहेरच्या फरकाच्या जोरावर. आत ऊबदार व दमट, बाहेर थंड व कोरडे असेल तर वाफ जोराने बाहेर जाते. पण आपल्याकडे श्रावणात उभ्या उसात हवा कशी असते? बाहेरही तशीच दमट आणि उकडणारी. मग वाफेने जायचे कुठे? म्हणून हजारो रुपयांच्या कोटाचा हिमालयात जितका उपयोग, तितका आपल्या फडात होत नाही. आपल्याला इरल्याचाच धडा गिरवला पाहिजे: सैल कपडा, खालून मोकळा, काखेत व पाठीवर वाऱ्याला वाट.

दुकानात काय पाहावे?

वजन. ऊस आपण काट्यावर घातल्याशिवाय मानत नाही, मग कोट का मानावा? दुकानदाराला तागडीत टाकायला सांगा. पातळ नायलॉनचा नुसता कोट साधारण पाव किलोच्या आगेमागे भरतो. जाड पीव्हीसीचा कोट-विजारीचा जोड पाऊण ते एक किलो किंवा त्याहून जास्त. घडी करून पिशवीत किंवा डब्याच्या थैलीत मावला पाहिजे. मावला तरच तो रोज बरोबर येईल.

कापड. कोटावर 'डेनिअर' असा आकडा असतो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. आकडा लहान तितका धागा बारीक. वीस-तीस डेनिअरचे कापड फुलासारखे हलके, पण उसाच्या पात्याची करवतीसारखी धार त्याला चिरते. बांधावर उभे राहून दारं धरणाऱ्याला ते चालेल. उभ्या उसात शिरणाऱ्याने सत्तर डेनिअरच्या आसपासचे घ्यावे. कापडात बारीक चौकडीची जाड वीण असेल तर फाटलेले पुढे पसरत नाही, हे पाहून घ्यावे.

पाण्याचा आकडा. काही कोटांवर १,५०० मिमी, ५,००० मिमी असे छापलेले असते. हा पावसाचा आकडा नव्हे, बरं का! कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला म्हणजे खालून थेंब फुटतात, त्याचे ते माप आहे. उभ्या माणसाच्या अंगावर पडणाऱ्या पावसाचा दाब कमी असतो. पण ओल्या बांधावर बसले, गुडघा टेकला किंवा खांद्यावर पाटीचे ओझे घेतले की दाब वाढतो आणि तिथूनच पाणी शिरते. नुसते उभे राहायचे असेल तर कमी आकडा चालतो, बसायचे व वाहायचे असेल तर जास्त आकड्याचा घ्या.

शिवण. निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ इथे सापडेल. सुईने पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे पाण्याची वाट. कोट उलटा करून पाहा. खांद्याच्या व टोपीच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. आम्ही एकदा तालुक्याच्या बाजारात स्वस्तात मस्त म्हणून पट्टी नसलेला कोट घेतला. कापड उत्तम निघाले, पण पहिल्याच पावसात दोन्ही खांद्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

वारा खेळण्याची सोय. काखेत भोके किंवा चेन, पाठीवर झाकणाखाली जाळी, आणि घेर सैल. लांबी गुडघ्याच्या जरा वर. त्याहून लांब असेल तर सरी ओलांडताना पायात येतो.

टोपी. हा मुद्दा जिवाशी गाठ आहे. अंगाला शिवलेली खोल टोपी कान झाकते आणि मान वळवली तरी स्वतः वळत नाही. रात्री उसाच्या कडेला माणसाचे कान हेच त्याचे डोळे असतात. टोपी मागे काढता येणारी, बंद ओढून कपाळाशी घट्ट होणारी असावी. त्याहून चांगले म्हणजे कडा असलेली वेगळी टोपी डोक्यावर आणि कान मोकळे.

शिकाऱ्याचा कोट आणि राखणदाराचा कोट

बाजारात आता झाडपाल्याच्या नक्षीचे हलके कोट मिळतात. मुळात ही रचना परदेशी शिकाऱ्यांची आहे. सावजाला दिसू नये म्हणून रंग रानाचा, ऐकू जाऊ नये म्हणून कापड न सळसळणारे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकात शिरणारे रानडुक्करही परवानगीवाचून मारता येत नाही. नुकसान झाले तर ताबडतोब वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा मागावा. तेव्हा आपण रात्री जातो ते राखणीला आणि पाण्याला, शिकारीला नव्हे. शिकाऱ्याला लपायचे असते, आपल्याला दिसायचे असते.

अमेरिकेच्या अनेक राज्यांत तर बंदुकीने हरणांची शिकार करणाऱ्यालाही भडक नारिंगी रंग अंगावर घालावाच लागतो, कारण दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी चुकून लागू नये. मग आपण अंधारात रानरंगी कोट घालून रस्त्याकडेने का चालावे? उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दुधाच्या गाड्या यांच्या दिव्यात आपण दिसलो पाहिजे. पिवळा किंवा नारिंगी रंग घ्या आणि पाठीवर उजेडात चमकणारी पट्टी शिवून घ्या.

बिबट्याचेही तसेच. अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शेती आणि वस्तीच्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचे त्यात दिसले. म्हणजे तो आपला शेजारीच आहे, आणि बहुधा माणसाला टाळूनच राहतो. त्याला आपण आल्याची चाहूल लागू द्यावी. कोट सळसळला तर सळसळू द्या. मोठ्याने बोला, मोबाइलवर गाणी लावा, हातात बॅटरी व काठी ठेवा. डोक्यावरून खोळ घेऊन, वाकून किंवा उकिडवे बसून राहणे टाळा. बसलेला माणूस अंधारात लहान जनावरासारखा दिसतो.

कोटाच्या भरवशावर हे करू नका

पहिले म्हणजे वीज. रेनकोट किंवा गमबूट घातले म्हणून ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नये. खोपीत कोरडे फडके आणि कोरडी लाकडी फळी कायम ठेवावी. पेटीत पाणी गेले असेल किंवा पत्र्याला झिणझिण्या येत असतील तर हातच लावू नये, वायरमनला बोलवावे. रात्रीच्या विजेवर ज्यांची पाळी आहे त्यांनी तर हे पाठच करावे.

दुसरे म्हणजे आभाळातली वीज. परतीच्या पावसात ती फार पडते. कोणताही कोट तिला अडवत नाही. गडगडाट ऐकू आला की काम टाकून पक्क्या घरात जावे, एकट्या झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलवर घेतले तर आधी इशारा मिळतो.

तिसरे म्हणजे फवारणी. पावसाचा कोट फवारणीला आणि फवारणीचा कोट पावसाला वापरू नये. विषाचा अंश कापडात राहतो आणि घामाबरोबर अंगाला लागतो.

निगा

ओला कोट घडी करून ठेवला की बुरशी येते आणि आतला लेप सोलून निघतो. सावलीत उलटा टांगून वाळवावा. कडक उन्हात तापवू नये, चुलीजवळ तर मुळीच नाही. चिखल साध्या पाण्याने व सौम्य साबणाने काढावा, साबण पुरता निघेपर्यंत खळबळून घ्यावा. साबणाचा अंश राहिला तर थेंब घरंगळण्याऐवजी कापडात मुरतात. पावसाळ्याआधी शिवणी तपासाव्यात, लहान चीर चिकटपट्टीने आतून-बाहेरून बुजवावी. कोटात बादलीभर पाणी धरून पाहिले की कुठे गळते ते लगेच कळते.

शेवटी, आपल्याबरोबर राबणाऱ्यांविषयी

गळीत सुरू होते तेव्हा परतीचा पाऊस गेलेला असतोच असे नाही. बीड, पाथर्डी, शेवगावकडून आलेली तोडणी कामगारांची बिऱ्हाडे तेव्हा कोपीत असतात. कोपी गळते, पाचट भिजते आणि पहाटे कोयता घेऊन निघणाऱ्या बाईच्या अंगावर बहुधा गोणपाटच असते. आमच्या मते गावागावांतल्या सभासदांनी मिळून चांगल्या शिवणीचे हलके कोट एकगठ्ठा घ्यावेत. एकगठ्ठा घेतल्यास भाव खाली येतो आणि माल पारखून घेता येतो. त्यातले काही कोट आपला ऊस तोडणाऱ्या टोळीसाठी ठेवावेत. ऊस आपला, साखर आपली, मग तो तोडणारी माणसे परकी कशी?

आमच्या गावातले एक म्हातारबाबा आमचा नवा कोट हातात घेऊन म्हणाले, "एवढा हलका? ह्यो काय पाऊस धरनार?" आम्ही म्हणालो, "बाबा, जड कोट खुंटीनं धरला होता. ह्यो निदान अंगावर तरी राहील." बाबा हसले आणि म्हणाले, "मग घ्या मला बी एक, पर पिवळा. म्हातारीला लांबून दिसला पायजे."

बाबांना कळले ते आपणही ध्यानात धरू. पाळीला जाताना कोट खांद्यावर नको, खुंटीवर तर नकोच. तो अंगावर असू द्या, कान मोकळे असू द्या आणि हात कोरडे असू द्या. उसाचे टनेज पुढच्या वर्षी वाढवता येईल, त्यासाठी माणूस धडधाकट घरी परत आला पाहिजे.